पटावर एक

त्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या पटावर दोन मुलं होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकच मुलगी राहिली.

शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. सीमेवरच्या तेलगू मुलखातल्या बोथहून आत, कापसाच्या आणि ज्वारीच्या रानांतून एक रस्ता जातो, त्याच्या टोकाच्या लहान गावात. दोन खोल्या, पुढे ओटा, एक कडुनिंब आणि मागे स्वयंपाकाची पत्र्याची शेड. मी तिथली एकटीच शिक्षिका. आधीच्या वर्षी पाच मुलं होती, सगळी पहिली-दुसरीतली. उन्हाळ्यात बोथच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन गावात दोनदा फिरून गेली, कागद वाटून गेली, आणि पाचातली तीन मुलं तिकडे गेली. चौथा मुलगा जुलैत गेला. त्याच्या वडिलांनी निदान शाळेत येऊन सांगितलं, "मॅडम, राग नका मानू. सारे जाऊन राह्यले तं आमचंच एक काऊन मागं ठेवाचं?" त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पाचवी मुलगी राहिली, कारण तिला व्हॅन सोसत नव्हती.

तिचे आईवडील भाजीपाला लावत. वांगी, मेथी, टमाटे. बोथच्या बाजारात नेऊन विकत. त्यांनीही तिला व्हॅनमध्ये तीन दिवस बसवून पाहिलं होतं. तिन्ही दिवस ओढ्याचं वळण आलं की तिला ओकारी झाली. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या पोरीच्या नव्या गणवेशावर झाली. त्यानंतर ड्रायव्हरनेच हात जोडले. ऑटोतही तिचं तेच व्हायचं. बापाच्या मोटरसायकलवर मात्र तिला काही होत नसे, पण तो पहाटेच भाजी लादून निघायचा आणि दिवस कलल्यावर यायचा. रोज शाळेच्या वेळेला तिला नेणं-आणणं त्याला जमणारं नव्हतं. म्हणून ती माझ्याकडे राहिली. सात वर्षांची, दुसरीत, दोन घट्ट वेण्या आणि पुढचे दोन दात पडलेले.

माझी आई त्याच एप्रिलमध्ये गेली होती. मी मूळची निर्मलची. तिथे आमचं बांगड्यांचं दुकान होतं, ते आता भाऊ चालवतो. नोकरी लागल्यावर मी बोथला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि आईला घेऊन आले. माझं लग्न झालं नाही. स्थळं यायची ती थांबली, आणि आम्ही दोघींनी त्याविषयी बोलायचंही थांबवलं. पण बाकी सगळ्याविषयी आई बोलायची. नळाला पाणी आलं की बोलायची, गेलं की बोलायची. मी शाळेतून आले की दिवसभरात दारावरून कोण कोण गेलं ते सांगायची. ती गेल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुपारी शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्या तोंडून एक शब्दही निघत नव्हता. सकाळी ऑटोवाल्याला गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं की आवाज घोगरा यायचा. मी आधी खाकरून घ्यायला शिकले.

अशा दोघी आम्ही त्या वर्षी एका वर्गात होतो.

पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "पुढं येऊन बस, माझ्याजवळ." ती आपल्या जागेवरून हलली नाही. तिची जागा खिडकीशी, तिसऱ्या बसकरपट्टीवर होती. म्हणाली, "तिथं ते बसते," आणि गेलेल्या एका मुलीच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. मी पट्ट्या काढल्या नाहीत. रोज पाचही पट्ट्या झटकून अंथरायची आणि तिच्याशी बोलायला मीच तिसऱ्या पट्टीपाशी जायची. हजेरी फोनवर लागायची. ओट्याच्या एका कोपऱ्यातच रेंज होती. तिथे तिला उभं करून मी फोटो काढायची. पहिले काही दिवस ती फोटोसाठी बाजूला सरकून उभी राहायची, जसे आणखी कुणी येऊन उभे राहणार आहेत.

स्वयंपाकाला एक बाई होत्या. साऱ्या गावासारखी मीही त्यांना अक्का म्हणायची. एका लेकराचा भात शिजवणं ही अक्काची रोजची कटकट होती. "मॅडम, मूठभर तांदूळ पातेल्याच्या बुडालेच चिकटते," त्या म्हणायच्या. मग त्यांनी आपला आणि माझाही डबा बंद करवला. तिघींचा भात एकत्र शिजू लागला. अंडं मात्र एकच, ते पोरीचं. तिघी ओट्यावर बसून जेवायचो. अक्का तेवढा वेळ बोलायच्या, मी ऐकायची. दिवसातली ती अर्धी घटका मला फार बरी वाटायची.

गणित शिकवायला एकच लेकरू असलं की सगळं सोपं होईल, असं मला वाटलं होतं. सोळा वर्षं मी पहिली-दुसरीला शिकवत होते. गजबजलेल्या वर्गात उजळणी व्हायची. सगळे एका सुरात एक ते शंभर म्हणायचे आणि त्या सुरात कुणाला काय कळलं नाही ते बुडून जायचं. इथे सूर नव्हताच. ती एकटी बोलायची आणि प्रत्येक चूक स्वच्छ ऐकू यायची.

एके दिवशी मी म्हटलं, "एकवीस लिही."

तिने पाटीवर आधी एक काढला, मग त्याच्यापुढे दोन.

"हे तर बारा झालं."

"नाई मॅडम. एक... वीस. एक पैले बोलते न आपन? मंग दोन."

मी पुन्हा सांगितलं, वीस म्हणजे दोन दहा, ते आधी लिहायचे. तिने मान हलवली आणि त्रेचाळीस लिहायला सांगितल्यावर तीनच्या पुढे चार काढले. चार-पाच दिवस असंच चाललं. मग मला सुचलं. बापाबरोबर ती रविवारी बाजारात बसायची, गिऱ्हाइकांचं तेलगू तिच्या कानावर होतं. मी तेलगूत, वीस-एक अशा क्रमाने, म्हटलं, "इरवै ओकटि लिही बरं." तिने दोन काढला, त्याच्यापुढे एक. बरोबर. नलभै मूडु म्हटलं, तर चार आणि तीन. तेही बरोबर.

ती स्वतःच पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेलगू सिधं चालते मॅडम. मराठी वापस चालते."

सोळा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी पाहिलं नव्हतं. किती पोरांच्या पाट्यांवर मी अशा उलट्या संख्या खोडल्या असतील! 'लक्ष कुठं हाय तुझं' म्हणून किती जणांना रागावले असेन! आणि लक्ष तर त्यांचं होतं. जसं ऐकलं तसंच ती लिहीत होती.

मग आम्ही कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या बारीक काड्या मोडून आणल्या. दहा काड्या झाल्या की ती सुतळीने त्यांची जुडी बांधायची. ते तिला शिकवावं लागलं नाही, घरी मेथीची जुडी ती आईबरोबर बांधतच होती. एकवीस म्हणजे दोन जुड्या आणि एक सुटी. आधी जुड्या मांडायच्या, मग सुट्या, आणि मांडलं तसंच लिहायचं. तोंडाने काहीही म्हणा. पंधरा दिवसांत तिच्या संख्या सरळ झाल्या. फक्त एकोणवाल्या अडल्या.

"एकोनतीस मंधे तीस हाय न मॅडम? मंग तीन जुड्या काऊन नाई मांडाच्या?"

"तीसला एक कमी आहे म्हणून. एक उणा. म्हणून एकोणतीस."

"मले वाटलं एक कोन?"

"म्हणजे?"

"म्हंजे तीस जन होते, अन् त्यातला एक गेला. तं इच्यारते, एक कोन?"

मला हसू फुटलं. मोठ्याने हसले. एप्रिलपासून पहिल्यांदाच असेल. अक्का शेडमधून डोकावून गेल्या. पण पोरगी हसत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "कोन गेला मंग?" तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "कुणीही असेल." आणि पुढची बेरीज सांगितली.

ऑगस्टमधली गोष्ट. मी तिला बारा चिंचोके दिले आणि म्हटलं, "चौघांत सारखे वाट." तोवर अक्काने हाक मारली म्हणून मी शेडकडे गेले. परत आले तेव्हा दाराशीच थांबले. चार रिकाम्या पट्ट्यांवर तिने तीन-तीन चिंचोके मांडले होते आणि प्रत्येक पट्टीसमोर बसून ती बोलत होती. गेलेल्या चारही पोरांशी. एकाला दटावलं, "तुले तीनच भेटन, जास्ती नाई मांगाचे." एकीला म्हणाली, "तू रडू नको वं." मग पाटीवर बघून हळूच माझ्या आवाजात म्हणाली, "शाब्बास. आता जेवायची सुट्टी." स्वतःला तिने एकही चिंचोका ठेवला नव्हता. मी चौघांत म्हटलं होतं, आणि ते चौघे तिच्या हिशेबी तेच होते.

मी पाय वाजवत आत गेले. ती झटकन आपल्या जागेवर जाऊन बसली.

साडेचारला व्हॅन परत यायची. आम्ही चारला सुटायचो, पण ती घरी जायची नाही. शाळेच्या कुंपणापाशी उभी राहायची. मीही ऑटोची वाट पाहत ओट्यावर बसायची. व्हॅन थांबायची, पोरं उतरायची, बूट आणि टाय घातलेली. ती त्यांच्या मागे मागे थोडं अंतर जायची. पोरं आपसात इंग्रजी गिनती म्हणायची, गाणी म्हणायची. ही ऐकायची. मग एका घरापाशी ती पोरं वळायची आणि ही सरळ आपल्या वाडीकडे जायची. हे मी रोज पाहत होते. पाहत होते आणि दुसऱ्या दिवशी वजाबाकी शिकवत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिचा बाप शाळेत आला. ओट्याखालीच उभा राहिला.

"मॅडम, एक इच्याराचं होतं. पोट्टीले आनखी एक डाव व्हॅनमंधे बसवून पाहू का? घरी लई गुमसुम राह्यते."

मी लगेच म्हटलं, "कशाला घाई करता? इथं चांगली शिकून राह्यली ना. सगळ्यांच्या पुढं आहे ती. आता बदललं तर घसरेल."

"तुमी म्हनता तं मंग राहू द्या," तो म्हणाला आणि गेला.

जे बोलले ते खोटं नव्हतं. पण ते का बोलले, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मंडळ ऑफिसात, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण कचेरीत गेले की साहेब म्हणायचे, "मॅडम, एक तरी टिकवा. शून्य झालं की शाळा गेली." ते एक कारण होतं. पण खरं कारण त्याहून लहान होतं आणि माझ्या एकटीचं होतं. सकाळी मी रस्त्याच्या फाट्यावर उतरायची आणि चालत यायची, तेव्हा ती कडुनिंबाखाली उभी असायची. मला बघून 'नमस्ते मॅडम' म्हणायची. माझ्या दिवसात माझी वाट बघणारं तेवढं एकच माणूस होतं.

दसऱ्याच्या सुट्ट्या संपल्या. शाळा उघडली त्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पट्ट्या अंथरून बसले. फळ्यावर तारीख लिहिली, खाली दोन बेरजा लिहिल्या, आणि मग आपण कुणासाठी लिहिलं हे ध्यानात येऊन खडू खाली ठेवला. अक्काने भात टाकला नाही. म्हणाल्या, "ताप असन." तिसऱ्या दिवशी मी तिच्या वाडीवर गेले.

आई वांगी तोडत होती. मला बघून पदराला हात पुसत आली. "ताप नाई मॅडम. कसं सांगू? सुट्टी संपली त्या दिवशी सकाळी ही आमाले न सांगता व्हॅनमंधे जाऊन बसली. आपली आपली. दप्तर घेऊन."

"मग?"

"मंग काय. ओढ्यापाशी तेच झालं. पोरं नाक दाबून हासले म्हनते. ड्रायव्हरनं तिथंच उतरवून देली, बिचारा फोन करून थांबला तिच्या बापाची वाट पाह्यत. तवापासून बोलतच नाई कोनासंगं."

ती वालाच्या वेलाच्या मांडवाखाली बसली होती. मी शेजारी मातीत बसले.

"शाळेत येत नाहीस?"

"नाई."

"काऊन?"

"तिथं कोनी नाई."

"मी आहे ना."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, मला समजावून सांगावं तसं म्हणाली, "तुमी मॅडम हाय."

तिचं बरोबर होतं. तिच्याजवळ मी किती वेळ बसले तरी तिच्या वयाची होणार नव्हते. आणि तिला माझ्यासाठी तिथे बसवून ठेवणं, हे मी केलं होतं. घरी कुणी नाही म्हणून एका सात वर्षांच्या पोरीला मी सोबतीला धरलं होतं. हे शब्द त्या दिवशी मनात आले नाहीत, ते पुढे आले. त्या दिवशी नुसतीच लाज वाटली.

उठताना मी तिच्या आईला म्हटलं, "वहिनी, तिला गाडीत बसायची सवय मी लावते. वेळ लागेल, पण होईल."

"मंग तुमची शाळा?"

"ते बघू."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरू केलं. शाळा सुटली की बोथकडे जाणाऱ्या ऑटोत बसायचं, थोडं पुढे जाऊन उतरायचं आणि चालत परत यायचं. ऑटोवाला ओळखीचा होता. पुढे, त्याच्या शेजारी मी आणि माझ्या मांडीवर ती. पहिल्या दिवशी ओढ्याच्या आधीच तिचा चेहरा पांढरा पडला. ती जवळचे विजेचे खांब बघत होती, सरसर मागे जाणारे. मी म्हटलं, "खांबाकडे नको बघू. ती लांबची टेकडी दिसते ना, तिच्याकडे बघ. आणि मोज." तिने एकपासून धडधड मोजायला घेतलं, एकतीसपर्यंत पोचली आणि ओकली. एकापासूनची गिनती तिला इतकी पाठ होती की तोंड मोजत होतं आणि मन पोटात अडकलं होतं.

तेव्हा मी म्हटलं, "उलटी मोज. शंभरपासून खाली ये."

हे तिला जड गेलं, आणि जड गेलं तेच कामाला आलं. प्रत्येक आकड्याला विचार करावा लागे. दहाच्या वळणांवर तर ती अडायचीच. "एक्केचाळीस... चाळीस..." आणि थांबायची. बोटं हलवायची, मनातल्या मनात एक जुडी सोडवायची, आणि मग ओठ उघडायची, "एकोनचाळीस!" तेवढ्यात ओढा मागे गेलेला असायचा.

एका दिवसात झालं नाही. कधी अठ्ठ्याहत्तरला ओकारी यायची, कधी पंचावन्नला. तिने त्याचंच माप केलं. घरी जाऊन आईला सांगायची, "आज त्रेपन्नपर्यंत काईच झालं नाई." ऑटो पुढे जात राहिला. आधी ओढा, मग पिंपळाचा फाटा, मग मोठा रस्ता. चालत परत येताना ती मुळीच न थांबता बोलायची, माझ्या आईसारखी, समोर दिसेल त्या सगळ्याविषयी. मला ते चालणं संपू नये असं वाटायचं. प्रत्येक दिवशी गाव थोडं अधिक दूर राहायचं, म्हणजे चालणं थोडं लांबायचं, आणि मला हेही कळत होतं की हे चालणं लांबतंय तसे आमचे दिवस कमी होत आहेत.

थंडीत बोथपर्यंत गेलो. त्या दिवशी बाप तिथून तिला मोटरसायकलवर परत नेणार होता. कापूस निघाला होता, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते. मोठ्या रस्त्याआधी आमचा ऑटो कापसाने भरलेल्या एका ट्रॅक्टरच्या मागे अडकला. पुढे जायला जागा नव्हती. ऑटो मुंगीच्या पावलाने चालला होता आणि धुराचा वास येत होता. ती मोजत होती. पाच, चार, तीन, दोन, एक.

"शंभर सरले मॅडम," ती घाबरून म्हणाली.

"मग परत शंभरपासून घे."

तिने टेकडीकडे बघितलं. मग म्हणाली, "नाई. दोनशेपासून घेतो."

शंभराच्या पुढचं मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. "दोनशे," ती म्हणाली. थांबली. बोटं हलली. "एकशे... नव्व्यान्नव." माझ्याकडे न बघताच तिने पुढचं सुरू केलं. "एकशे अठ्ठ्यान्नव. एकशे सत्त्यान्नव." तिला कळलं होतं की शंभराच्या पलीकडेही तेच घर आहे, फक्त दारावर एकशे लिहिलंय. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बोथचा बसस्टँड आला तेव्हा ती एकशे चौदावर होती आणि तिचा फ्रॉक कोरडा होता. ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. बाप धावत आला. तिने त्याला काही सांगितलं नाही, नुसती मोटरसायकलच्या टाकीवर बसली आणि गेली.

मी चालत घरी गेले. त्या सोळा वर्षांत लेकराला असं काही आपोआप सापडताना मी दोन-तीनदाच पाहिलं असेल. कुलूप उघडताना 'आई, आज काय झालं माहीत आहे का' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. दार उघडलं, आणि ते तसंच राहिलं. भावाला फोन करावा वाटलं. पण त्याला काय सांगणार? एक पोरगी दोनशेपासून उलटं मोजत आली, एवढंच. मी खुर्चीत बसले आणि चप्पल काढायला बराच वेळ घेतला.

संक्रांतीच्या सुट्टीनंतर ती व्हॅनमध्ये बसली. पुढे, ड्रायव्हरशेजारी. तसं मीच जाऊन त्याला सांगितलं होतं. व्हॅन आठला जायची, मी साडेनऊला पोचायची, त्यामुळे तिला जाताना मी पाहिलं नाही. कडुनिंबाखाली अक्का उभ्या होत्या.

"गेली," त्या म्हणाल्या. "ओकली नाई म्हनते."

मी मान हलवली. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"तुमीच पाठवली न मॅडम तिले?"

"हो."

"तुमाले दुसरी शाळा भेटन. मले कोन देते काम?"

हा विचार मी केलाच नव्हता. त्या पोरीचा केला, माझा केला, अक्काचा केला नाही. काही बोलायला गेले, पण त्या शेडमध्ये निघून गेल्या आणि भांडी घासू लागल्या. स्वच्छ भांडी पुन्हा घासत होत्या. पुढे मी मंडळ ऑफिसात दोनदा जाऊन त्यांच्यासाठी बोलले. काही झालं नाही. साहेब उलट माझ्यावरच चिडले, "एकीवर शाळा उभी होती, तीही तुम्हीच घालवली!" अक्का त्या हंगामात कापूस वेचायला जाऊ लागल्या. आमचं बोलणं तुटलं नाही, पण पहिल्यासारखंही राहिलं नाही.

दुसरीकडे नेमणुकीचा आदेश यायला तीन आठवडे लागले. तोवर रोज शाळेत जायचं, कुलूप काढायचं, फोनवर माझी हजेरी लावायची आणि बसायचं, एवढंच काम होतं. पहिल्या आठवड्यात ती साडेचारला व्हॅनमधून उतरून पळत कुंपणाशी यायची. "मॅडम, आमच्या वर्गात लई पोरं हायत! मॅडम, मी पैल्या नंबरच्या बाकावर बसतो! मॅडम, तिथं सर हायत, ते मारत नाई." दुसऱ्या आठवड्यात तिने लांबूनच हात केला. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती त्या पोरांबरोबर त्यांच्या घरापाशी वळली, आणि मला दिसलं की तिच्या पायातही आता बूट आहेत. मी ऑटोत बसले.

आता मी गुडीहत्नूरला आहे. पहिलीत चौतीस मुलं आहेत. गोंधळ असतो, घसा बसतो, आणि उजळणीचा तो सूरही आहे. पण मी मधूनच सूर थांबवते आणि एकेकाला एकट्याने बोलायला लावते. वेळ खूप जातो. सोबतच्या बाई म्हणतात, असं करत बसलात तर अभ्यासक्रम पुरा होणार नाही. बरोबर आहे त्यांचं, होत नाही.

तिची भेट मागच्या उन्हाळ्यात झाली. बोथच्या बाजारात तिचे आईबाप बसले होते आणि ती दोन मैत्रिणींबरोबर मागे पोत्यावर बसून बर्फाचा गोळा खात होती. उंच झाली होती, दात आले होते. मला बघून उभी राहिली. मैत्रिणींना म्हणाली, "ह्या आमच्या जुन्या मॅडम."

"कोणत्या विषयाच्या?" एकीने विचारलं.

ती जरा गोंधळली. "साऱ्याच. आमी दोघीच होतो."

"वर्गात दोघी?"

"नाई वं. शाळेत."

मैत्रिणीला ते खरं वाटेना. ती हसू लागली, मग हीही हसली, काहीतरी गमतीचं आठवल्यासारखी. मी विचारलं, "व्हॅनमध्ये आता काही होत नाही ना?" तिने भुवया वर केल्या. "कधी होत होतं?" मग आईने हाक मारली. गिऱ्हाईक आलं होतं, टमाटे तोलायला हात पाहिजे होता. ती गोळा मैत्रिणीकडे देऊन तिकडे गेली.

मी थोडा वेळ उभी राहिले. तिच्या बापाने दुरून नमस्कार केला, मीही केला. गुडीहत्नूरची बस लागली होती, खिडकीची जागा मिळाली. बस निघाली तेव्हा मी बाजाराकडे बघून हात केला. ती तराजूच्या काट्याकडे बघत होती.